रेघेतला फुगवटा

४ ऑगस्ट, सोमवार

मंगळबाजारातून रेघी वही आणली. दुकानदाराने चांगली म्हणून हातात दिली आणि घरी येऊन बघतो तर पानोपान रेघा मध्येच लचकलेल्या. छापखाना चालवतात की भजीचं दुकान! परत द्यायला गेलो तर तो माझ्याच तोंडाकडे बघत बसला. "काका, बराबर तो छे." म्हटलं, तुझं बराबर तुलाच लखलाभ. आता याच वहीत लिहितोय. डोकं शांत व्हावं म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो.

आज कारखान्यात भांडण झालं. माझं होत नाही असं नाही, पण आज सुनेशी झालं, आणि तेही मालकांच्या, म्हणजे धवलभाईंच्या समोर.

बडोद्याला मकरपुऱ्यात आमचा कारखाना मोटारींचा वेग सांभाळणारे ड्राइव्ह बनवतो. कपाटाएवढा लोखंडी खोका, आत आयजीबीटी. म्हणजे एक बटणच म्हणायचं, पण सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणारं. वाहता नळ झटक्यात बंद केला की पाइप कसा धाडकन वाजतो! वाहता करंट झटक्यात तोडला की व्होल्टेज तसंच उसळतं. त्या उसळीला स्पाइक म्हणतात. आयजीबीटीची सहनशक्ती बाराशे व्होल्ट, त्यावर गेलं की फटाका. म्हणून ती उसळी गिळायला शेजारी स्नबर बसवायचा. माझा स्नबर तिघांचा: कपॅसिटर, रेझिस्टर, डायोड. धवलभाईंच्या वडिलांच्या काळापासून चालतोय, कोणाच्या बापाची बोलायची हिंमत झाली नाही.

रसिकाबाईंनी नव्या डिझाइनमधून तिघांनाही घरी बसवलं आणि आयजीबीटीच्या थेट डोक्यावर एक चपटा कपॅसिटर स्क्रूने आवळला. बिस्किटाएवढा! "सर, मध्ये वायरच नको. वायर जितकी लांब, तितका तिच्यातच धक्का तयार होतो." घरी मी बाबा, कारखान्यात सर. हे तिनेच ठरवलंय. नोकरीला तिला मीच चिकटवली. आता भोगा.

मी म्हटलं, बिस्किट चहात बुडवायचं असतं, सहाशे व्होल्टवर नाही. सगळे हसले. ती नाही हसली. म्हणाली, "आकडा बघा ना, सर. स्कोप स्वतःच सांगतो, सातशे ऐंशीच्या वर स्पाइक जात नाही."

आकडा यंत्र सांगतं. रेघ मी बघतो. आमच्याकडे शेवटची तपासणी माझी. स्कोपच्या, म्हणजे व्होल्टेजचा आलेख काढणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर रेघ बघायची, पटली तर खोक्याच्या कोपऱ्यात लाल रंगाचं बोट टेकवायचं. टिळा. धवलभाई त्याला चांदलो म्हणतात. टिळ्याशिवाय माल गेटबाहेर जात नाही. नंदेसरीच्या केमिकल कंपनीत माल उतरवताना आधी टिळा शोधतात, मग चलन मागतात. तिथे आमचे ड्राइव्ह रसायनं ढवळणाऱ्या मोटारी चालवतात. ढवळणं मध्येच थांबलं तर आतलं रसायन तापतं, आणि मग माणसं जीव घेऊन पळतात. म्हणून टिळा. तो काही शोभेचा नाही.

आता नव्या डिझाइनचे बारा ड्राइव्ह तिकडेच जायचेत. जातील, मला पटलं तर.


११ ऑगस्ट

सापडलं! मी म्हटलंच होतं.

बटण बंद झालं की व्होल्टेजची रेघ वर उसळते, आणि मग सपाट व्हायला हवी. ती सपाट नाही. मधोमध फुगवटा आहे, पोळी फुगावी तसा. बिस्किट निस्तरतंय का बघा!

रसिकाला हाक मारली. पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. तिने पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कुठे, सर?"

"इथे."

"मला सरळ दिसतेय."

टेस्टिंगमधल्या सगळ्यांना बोलावलं. एकेक जण वाकून बघून गेला. "सरळ आहे, सर." शिकवलेले पोपट! तिने आधीच पढवून ठेवले असणार. जिची चलती तिच्या मागे जग.

आणि हा फुगवटा एका जागी थांबत नाही. डावीकडे बघावं तर डावीकडे, उजवीकडे बघावं तर उजवीकडे. भटका आहे. एका जागचा दोष पकडता येतो, भटक्याला कसं पकडायचं? पहिला ड्राइव्ह बाजूला काढला. टिळा नाही.


१४ ऑगस्ट

आणखी पाच बघितले. पाचांतही तोच फुगवटा. बाजूला.

जुलैत माझ्या जुन्या स्नबरचे ड्राइव्ह नंदेसरीला गेले, त्यांच्या रेघा कशा होत्या! स्पाइक जवळजवळ दिसतच नव्हता. हे मी धवलभाईंना मुद्दाम ऐकवलं. रसिका तिथेच उभी होती. खाली मान घालून निघून गेली. झोंबलं असणार.


२४ ऑगस्ट, रविवार

मोरीच्या दाराची नवी चौकट सुतार बसवून गेला. वाकडी. उजवी बाजू मध्ये पोट काढून उभी आहे. त्याला परत बोलावलं. तो म्हणे सरळ आहे. विमल म्हणे सरळ आहे. माझी बायको लग्न झाल्यापासून सुताराच्याच बाजूने असते. शेवटी सुताराने ओळंबा सोडून दाखवला. तर काय बघतो, त्याच्या ओळंब्याची दोरीच वाकडी! म्हटलं, अरे, ज्याचा ओळंबा वाकडा त्याचं घर कसं सरळ होणार? तो विमलकडे बघून हळूच म्हणाला, "भाभी, हुं जाउं?" गेला एकदाचा.

रात्री जेवायला बसलो तर रसिका वाढता वाढता म्हणते, "बाबा, एकदा डोळे दाखवून येऊ या का? मी सुट्टी टाकते."

अस्सं! रेघेवरून जिंकता येत नाही म्हणून डोळ्यांवर आली. चोराच्या उलट्या बोंबा. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, डॉक्टर म्हणाले पिकू द्या, मग काढू. उजवा ठणठणीत आहे, त्यावर तर मी जगतोय. हे सगळं तिला माहीत आहे. मी ताट सरकवलं आणि उठलो. विमलने तिच्याकडे डोळे वटारले, "अगं, जेवताना कशाला?" बरं झालं. सासऱ्याला आंधळा ठरवायला निघाली होती!

नंतर उपाशीपोटी झोप येईना, मग फ्रिजमधला श्रीखंडाचा डबा संपवला.


३१ ऑगस्ट, रविवार

घरी गणपती. उत्कर्ष हजिऱ्याच्या नोकरीवरून दोन दिवस सुट्टीवर आला होता, आज परत गेला. मुलगा म्हणून चार शब्द बापाच्या बाजूने बोलेल तर शपथ. मी फुगवट्याचं सांगत होतो आणि तो मोबाइलमध्ये. मध्येच म्हणाला, "बाबा, तुम्ही दोघं ते ऑफिसात सोडवा ना." नवरा-बायको खोलीत गेल्यावर कुजबुज चालली होती. माझं नाव दोनदा ऐकू आलं.

आरतीच्या वेळी समईची ज्योत मध्येच तुटल्यासारखी दिसत होती. वात नीट वळली नाही, असं विमलला म्हटलं. तिने दुसरी वात लावली. तीही तसलीच.


७ सप्टेंबर, रविवार

रसिका आज पुन्हा सकाळीच बाहेर. गेले तीन-चार रविवार हेच. "मैत्रिणीकडे." मैत्रीण म्हणे! शेजारचे संपतराव त्यांच्या कंपनीच्या बसमधून येतात, त्यांनी तिला नंदेसरीत बघितलं. केमिकल कंपनीच्या गेटवर, गणपतरावांबरोबर.

गणपतराव तिथले इलेक्ट्रिकल इनचार्ज. माझा पत्त्यातला जोडीदार, गेली कित्येक वर्षं. एक फ्यूज उडाला तरी मला फोन करायचा, "काय हो, तुमचा टिळा चालत नाही वाटतं," अशी चेष्टा करायचा. दीड महिना झाला, एक फोन नाही. मी केला तर "मीटिंगमध्ये आहे."

आता कळलं पाणी कुठे मुरतंय. बाई तिथे नोकरी शोधतेय. नाहीतर त्याहून वाईट. माझ्याच गिऱ्हाइकाला माझ्याविरुद्ध भरवतेय, म्हणजे तिचं बिस्किट माझ्या टिळ्याशिवाय आत शिरेल. आणि गणपतराव! अरे, एका ताटात जेवलेला माणूस तू.

विमलला सांगितलं. ती म्हणाली, "तसं नसेल काही." हिला काय माहीत? म्हणाली, "मला काही माहीत नाही," आणि भाजी चिरायला बसली. भाजी सकाळीच चिरून झाली होती.


८ सप्टेंबर

सरळ विचारलं. टेस्टिंगमध्ये, सगळ्यांसमोर. "काल नंदेसरीला काय होतं?"

लाल झाली. "काम होतं, सर."

"कोणाचं?"

"आपलंच."

आपलंच! तोंड वर करून खोटं बोलते. मी म्हटलं, आपल्या कामाला आपल्या मुख्य माणसाला माहीत नसताना जायची पद्धत कधीपासून सुरू झाली? ओठ घट्ट मिटून उभी राहिली. मग मीच निघून आलो. संध्याकाळी घरी तिने नेहमीसारखा चहा आणून ठेवला. प्यायलो नाही. थंड झाल्यावर प्यायलो.


१८ सप्टेंबर

बारा ड्राइव्ह टिळ्याविना रांगेत उभे आहेत. आज धवलभाईंनी केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्या वडिलांनी मला कधी उभं ठेवलं नाही. यांनीही बसवलं, चहा मागवला, आणि कपाकडे बघत म्हणाले, "काका, हवे बस करो, आता पुरे. दसऱ्याच्या आधी माल निघाला पाहिजे. तुमारे को नहीं जमतुं, तो चांदलो रसिकाबेन करशे."

मी म्हटलं, एकदा पुन्हा बोला.

फोन उचलून त्यात बघत बसले.

म्हणजे एवढंच ठरायचं होतं. मी जिथे बोट टेकवतो तिथे उद्या तिचं बोट. मी म्हटलं, धवलभाई, जिथे मला दोष दिसतो तिथे मी टिळा लावणार नाही, आणि दुसऱ्याने लावला तर मी या कारखान्यात राहणार नाही. मला एक संधी द्या. सगळ्यांना उभं करतो आणि फुगवटा दाखवतो. नाही दाखवला तर राजीनामा माझ्या हाताने लिहून देतो.

"सारुं," म्हणाले. चालेल. या माणसाला सगळंच चालतं.


२५ सप्टेंबर, गुरुवार

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

आज दुपारी सगळ्यांना टेस्टिंगमध्ये जमवलं. धवलभाई, रसिका, झाडून सगळे. नवरात्र आहे, निम्मे रात्रभर गरब्यात नाचून पेंगत होते, पण तमाशा बघायला सगळे जागे. सातव्या नंबरचा ड्राइव्ह जोडला. मोटार चालू. पडद्यावर रेघ आली, उसळली, आणि हा मोठा फुगवटा. मी पडदा गोठवला. पेनाचं टोक फुगवट्यावर टेकवलं.

"बघा. आता सांगा कोणाला दिसत नाही."

मला वाटलं, जिंकलो.

रसिका पुढे आली. "सर, प्रोब बदलून बघू." बदला. प्रोब म्हणजे ड्राइव्हमधून स्कोपकडे येणारी तार. बदलली, फुगवटा तसाच. "स्कोप बदलू." बदला म्हटलं, धवलभाईंची खुर्ची बदला हवी तर. जुना हिरव्या पडद्याचा स्कोप काढला. फुगवटा तसाच. "ड्राइव्ह बदलू." तिने जुलैतला, माझ्या स्नबरचा, मागे उरलेला एक ड्राइव्ह जोडला. त्यातही फुगवटा! माझ्या स्नबरमध्ये! मी म्हटलं, यात काहीतरी केलंयस तू.

"एकच गोष्ट बदलायची राहिलीय," ती म्हणाली. "बाबा."

कारखान्यात. सगळ्यांसमोर. बाबा!

"बाबा, उजवा डोळा झाका."

मला हसू आलं. एवढ्या माणसांत ही मला डोळ्यांच्या दुकानात बसवते. म्हटलं, घ्या, हेही करून दाखवतो, म्हणजे कायमचा वाद मिटेल. उजव्या डोळ्यावर हात ठेवला. डाव्याने, मोतीबिंदूच्या डोळ्याने बघितलं.

धुरकट. पण सरळ. रेघ फूटपट्टीने मारल्यासारखी सरळ.

डावा झाकला. फुगवटा आला. मधोमध, आणि त्याच्या पोटात एक करडा डाग. उजवा झाकला, सरळ. पुन्हा. पुन्हा. किती वेळा केलं ते मला आठवत नाही. मग खिडकीचे गज बघितले. मग दाराची चौकट. उजव्या डोळ्याला बडोद्यातली एक वस्तू सरळ दिसेना.

धवलभाई म्हणाले, "काका, पाणी लो." मी म्हटलं नको. पेन टेबलावर ठेवलं आणि खाली जाऊन गेटपाशी बसलो. विमलला कोणी फोन केला कोणास ठाऊक, ती रिक्षाने आली.


२६ सप्टेंबर

फतेगंजला, मोतीबिंदू बघणाऱ्या त्याच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी चौकटी चौकटींचा एक कागद डोळ्यासमोर धरला. उजव्याला मधल्या चौकटी वितळलेल्या दिसल्या. मग यंत्रावर हनुवटी टेकवून फोटो. डोळ्याच्या पडद्यामागे बारीक रक्तवाहिन्या फुटून पाणी साचलंय, म्हणाले. डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल, दर महिन्याला.

मी विचारलं, पहिल्यासारखं होईल?

"दोन महिने आधी आला असतात तर मधला बराच भाग वाचला असता. आता तिथे व्रण झालाय. आहे तेवढं टिकवू."

दोन महिने आधी. विमल रडायला लागली. मी तिला म्हटलं, रडायचं तर बाहेर जाऊन रड, इथे डॉक्टरांना काम करू दे. ती बाहेर गेली. मग मला तिथे एकट्याला भीती वाटली.


३० सप्टेंबर

डोळ्यात सुई. वर्णन करत नाही. उजवा लालभडक आहे. डाव्या डोळ्याने बघून लिहितोय, अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं जातंय. उत्कर्षचा फोन आला. "काळजी घ्या, बाबा." मी म्हटलं, घेतो.


२ ऑक्टोबर

दसरा. काल कारखान्यात यंत्रांची पूजा झाली, मी गेलो नाही. बारा ड्राइव्ह कोणाच्या टिळ्याने गेले ते विचारलं नाही, कोणी सांगितलंही नाही.

दिवसभर पडून होतो आणि एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. नसलेला फुगवटा मला दिसला. ठीक. पण त्या डागाखाली असलेलं काय काय झाकलं गेलं असेल? स्पाइक पडद्यावर केसाएवढा बारीक असतो. जुलैच्या ड्राइव्हमध्ये स्पाइक जवळजवळ दिसत नाही म्हणून मी छाती फुगवून फिरत होतो. नव्हताच, की मला दिसला नाही? आणि त्या प्रत्येकावर माझा टिळा आहे. नंदेसरीत ते आत्ता, या क्षणी, चालू आहेत.

सोमवारी जाणार. विमल नको म्हणाली. तिचं काय ऐकायचं.


६ ऑक्टोबर, सोमवार

सगळं सलग लिहून टाकतो, नाहीतर डोकं फुटेल.

सकाळी रसिकाच्या गाडीतून गेलो. स्कूटर विमलने बंद केलीय, किल्ली कुठेतरी लपवलीय. सरळ धवलभाईंच्या केबिनमध्ये शिरलो. रसिका तिथेच होती. चहा आला. मी चहाला हात न लावता म्हटलं, धवलभाई, नंदेसरीला आत्ता फोन लावा. जुलैत मी पास केलेले सगळे ड्राइव्ह बंद करायला सांगा. मला स्पाइक दिसत नव्हता. त्यातला एक जरी उडाला आणि ढवळणं थांबलं, तर माणसं मरतील. दोष माझा, तसं सांगा.

एवढं बोलायला मला रविवारचा अख्खा दिवस तयारी करावी लागली होती.

धवलभाईंनी फोन उचलला नाही. त्यांनी रसिकाकडे बघितलं.

"झालंय, सर," ती म्हणाली.

"काय झालंय?"

मग हळूहळू बाहेर आलं. जुलैच्या शेवटी त्यातला एक ड्राइव्ह नंदेसरीत उडालाच होता. रसायन नुकतं भरत होते म्हणून निभावलं. गणपतरावांचा फोन आला तेव्हा मी जेवायला गेलो होतो, तिने घेतला. उडालेला ड्राइव्ह मागवून उघडला तर आतल्या स्नबरच्या वायरी हातभर लांब. कापायच्या सोडून कोणीतरी गुंडाळून, सुरेख बांधून ठेवल्या होत्या. तेवढ्या लांब वायरीने माझा स्नबर असून नसल्यासारखा. तपासताना रेघेत ते ओरडून सांगत असणार. मी टिळा लावला होता. मग तिने आणि गणपतरावांनी दर रविवारी, प्लांट बंद असताना, एकेक ड्राइव्ह उघडून तपासला. आणखी दोन तसलेच निघाले. एकाचा स्पाइक अकराशे ऐंशी. बाराशेला वीस कमी. वायरी कापून आखूड केल्या आणि दोन्ही ठीक झाले. गणपतरावांना तिनेच सांगितलं होतं, बाबांना बोलू नका. म्हणून त्यांच्या मीटिंगा.

"तुम्हाला माहीत होतं?" मी धवलभाईंना विचारलं.

ते कपाकडे बघत म्हणाले, "काका, तमे तो घरना माणस छो."

घरचा माणूस! म्हणजे दोन महिने मी लाल रंगाची डबी घेऊन देवासारखा बसलो होतो आणि माझ्या पाठीमागे माझी सून तो रंग तपासत फिरत होती. मालकाला माहीत, गिऱ्हाइकाला माहीत, टेस्टिंगला माहीत. मला सोडून सगळ्या मकरपुऱ्याला माहीत. त्यापेक्षा तोंडावर थुंकले असते तर परवडलं असतं.

दिवसभर टेबलाशी बसलो. संध्याकाळी गाडीत बसलो. काळ्या घोड्याच्या सिग्नलपर्यंत दात आवळून ठेवले होते. तिथे लाल दिवा लागला आणि माझं तोंड सुटलं.

"खोके तपासलेस. उघडून उघडून तपासलेस. माझा डोळा का नाही तपासलास? डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना? दोन महिने! तुला जुलैतच कळलं होतं!"

ती समोर बघत होती. मला वाटलं नेहमीसारखी ओठ मिटून बसेल. आणि मग ती ओरडली. माझ्यावर! काचा बंद होत्या तरी शेजारचा रिक्षावाला वळून बघायला लागला.

"कोण सांगणार तुम्हाला? मी सांगून बघितलं, तुम्ही ताट सरकवलंत! आईंनी मलाच डोळे वटारले. उत्कर्षला म्हटलं तर म्हणाला, तू सांग, तू रोज बरोबर असतेस. धवलभाई म्हणाले, तू घरची आहेस, तू सांग. गणपतकाका म्हणाले, तूच सांग, माझं ऐकणार नाही तो. सगळे म्हणतात तू सांग! मी काय सांगू? अख्ख्या कारखान्यासमोर तुम्ही मला चोर ठरवलंत, तेव्हा मी सांगू की सर, तुम्हाला दिसत नाहीये? खोके दुरुस्त करणं सोपं होतं, बाबा. म्हणून खोके केले!"

"तुझ्या त्या सोप्यापायी माझा डोळा गेला."

"हो," ती म्हणाली. "गेला. मला माहीत आहे."

दिवा हिरवा झाला. मागून हॉर्न वाजायला लागले. तिने गाडी हलवली नाही, मग एकदम दामटली. नाकाने जोरात श्वास घेत होती, डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. मी हातरुमाल काढला आणि तिच्या मांडीवर टाकला. दिला नाही, टाकला.

मला अजून राग आहे. जाणार नाही तो, जायचं कारण नाही. माणसाचा मान राखायचा म्हणून त्याचा डोळा जाऊ द्यायचा, ही कुठली रीत? याला मान म्हणतात? मला या सगळ्यांनी मान दिला आणि आंधळा केला. हे मी उत्कर्षलाही सांगणार आहे, आणि विमललाही, आणि गणपतरावाला तर पत्त्यांसकट.

घराखाली गाडी लावली. ती उतरायला लागली तसं मी म्हटलं, थांब. आजपासून माझं काही चुकलेलं दिसलं तर त्याच क्षणी तोंडावर सांगायचं. कारखान्यात असो, घरात असो, जेवताना असो. मी ओरडेन. ओरडलो तरी सांगायचं. ऐकतेस?

तिने इंजिन बंद केलं. माझ्याकडे वळून बघितलं, वरपासून खालपर्यंत.

"शर्टाची बटणं खाली-वर लागलीयेत."

"कधीपासून?"

"सकाळपासून."

सकाळी विमलने हातात डबा दिला होता, दारापर्यंत आली होती. गेटवर वॉचमनने सलाम ठोकला होता. धवलभाई समोर बसून चहा प्यायले होते. टेस्टिंगमधले सगळे दिवसभर "येस सर, येस सर" करत होते.

जिन्याखाली उभा राहून सगळी बटणं काढली आणि चाचपत पुन्हा लावली. ती माझी पिशवी धरून समोर उभी होती.

"वरचं एक अजून चुकलंय," म्हणाली.

तेही लावलं.